साइटवर आलेला माणूस ऑर्डर न देताच का जातो? ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांसाठी पायरी पायरीने

साइट बनवून घेतली, जाहिरातीला पैसे टाकले, माणसं येतायत असं आकडे सांगतात, पण फोन काही वाजत नाही. गोखले रोडवरच्या दुकानदारापासून नेरुळला घरून फराळ करणाऱ्या ताईंपर्यंत ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यावर दोन सल्ले हमखास मिळतात: डिझाइन बदला, नाहीतर जाहिरात वाढवा. दोन्ही खर्चाची कामं.

माझं मत असं की त्याआधी एक स्वस्तातलं काम करून घ्यावं. जो माणूस शोधत शोधत तुमच्या साइटपर्यंत पोचला, तो बऱ्याचदा घ्यायच्या तयारीनेच आलेला असतो. त्याच्या मनात एखादा साधा प्रश्न अडकलेला असतो आणि साइट त्याचं उत्तर देत नाही. किंवा उत्तर मिळतं, पण पुढे कुठे दाबायचं ते कळत नाही. ही अडगळ काढायला कोडिंग यावं लागत नाही. जिथे डेव्हलपरची गरज लागेल तिथे त्याला नेमकं काय सांगायचं, तेही पुढे दिलं आहे.

उदाहरणासाठी एकच धंदा धरून चालू: नौपाड्यातून उकडीचे मोदक घरपोच देणारं घरगुती स्वयंपाकघर. तुमचा गणिताचा क्लास असेल, फिजिओथेरपीचं क्लिनिक असेल किंवा वागळे इस्टेटमधलं प्रिंटिंगचं दुकान असेल, पायऱ्या याच.

पायरी 1: साइट राहू द्या, आधी व्हॉट्सॲप उघडा

गेल्या सीझनमधली गिऱ्हाइकांशी झालेली बोलणी वर-खाली करून वाचा आणि लोकांनी ऑर्डर देण्याआधी काय विचारलं ते कागदावर उतरवा. मोदकांच्या बाबतीत यादी साधारण अशी निघेल: नैवेद्याच्या आधी मिळतील ना? घोडबंदरला देता का? 21 चे किती? पैसे आधी द्यायचे की आल्यावर? तूप वेगळं मिळतं का?

आता साइट उघडून यातल्या किती प्रश्नांची उत्तरं तिथे आहेत ते बघा. ‘आमच्याविषयी’च्या पानावर परंपरा, गुणवत्ता, विश्वास हे सगळं भरपूर असतं, दुपारी बाराच्या आत मोदक येणार की नाही, हे कुठेच नसतं. ज्या प्रश्नाचं उत्तर साइटवर सापडत नाही, तो विचारायला फोन करण्याइतका उत्साह प्रत्येकाकडे नसतो. बाकीचे मागे जाऊन दुसरी साइट उघडतात.

पायरी 2: प्रत्येक पानाला एकच काम द्या

हे वाक्य पुरं करून बघा: ‘या पानावर आलेल्या माणसाने ______ करावं.’ रिकाम्या जागी दोन गोष्टी येत असतील तर पान गोंधळलेलं आहे असं समजा. मोदकांच्या पानावर ऑर्डर द्यावी. बस. इन्स्टाग्राम फॉलो करा, बातमीपत्राला नाव नोंदवा, आमचा व्हिडिओ बघा, मित्राला सांगा, यातलं एकही त्या पानावर ऑर्डरच्या बटणाशी स्पर्धा करायला नको. ते सगळं ऑर्डर झाल्यानंतरच्या पानावर खुशाल ठेवा. तेव्हा माणूस निवांत असतो.

पायरी 3: पहिल्या स्क्रीनवर कामाचं बोला

फोनवर साइट उघडल्यावर बोट न फिरवता जेवढं दिसतं, ती तुमची सगळ्यात महागडी जागा. तिथे बहुतेकांनी काय ठेवलेलं असतं? आपोआप सरकणारी तीन-चार चित्रं आणि ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’. स्वागत लग्नाच्या मांडवाच्या कमानीवर शोभतं. इथे गिऱ्हाइकाला चार गोष्टी हव्यात: काय मिळतं, कुठे मिळतं, केव्हा मिळतं, कितीला मिळतं.

त्याऐवजी असं लिहा:

‘हाताने वळलेले उकडीचे मोदक. ठाणे शहर आणि घोडबंदर रोडवर गायमुखपर्यंत घरपोच. चतुर्थीला सकाळी 11 च्या आत. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत.’

त्याखाली भाव आणि भावाखाली बटण. ‘भावासाठी संपर्क साधा’ ही ओळ मला अजिबात पटत नाही. भाव लपवला की गिऱ्हाईक तो जास्तच असणार असं धरून चालतं. भाव बदलता असेल तर ‘अमुक रुपयांपासून’ असं लिहा, पण आकडा दाखवा.

सरकती चित्रं काढून टाका. माणूस पहिलं चित्र पुरतं वाचायच्या आत दुसरं येतं, आणि चौथ्यापर्यंत फारसं कोणी थांबत नाही. एकच चित्र ठेवा आणि ते तुमच्या मोदकांचं असू द्या. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो लोक लगेच ओळखतात.

पायरी 4: बटण दिसू द्या, आणि बोटाला सापडू द्या

बटणावर काय लिहायचं? ‘सबमिट’, ‘पुढे जा’, ‘येथे क्लिक करा’ यातून दाबल्यावर काय होणार ते कळत नाही. ‘मोदकांची ऑर्डर द्या’ किंवा ‘उद्याची वेळ घ्या’ यातून कळतं. पैसे लगेच कापले जाणार नसतील, तर बटणाखाली बारीक अक्षरात तसं लिहा: ‘आत्ता पैसे भरायचे नाहीत.’ एवढ्या ओळीनेही बिचकलेला माणूस पुढे सरकतो.

आकाराबद्दल वाद घालायची गरज नाही. 1954 मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं दूर, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. अ‍ॅपल बटणासाठी निदान 44 पॉइंट आणि अँड्रॉइडचे नियम 48 एककांचा चौकोन सुचवतात. डेव्हलपरला सांगा, ‘बटणाची उंची 48 पिक्सेलच्या खाली नको, आणि दोन बटणं एकमेकांना चिकटवू नकोस.’ ट्रान्स-हार्बरच्या गाडीत एका हाताने दांडी धरून उभा असलेला माणूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तुमची साइट चालवत असतो. म्हणून मुख्य बटण स्क्रीनच्या खालच्या भागात, अंगठ्याच्या टप्प्यात, चिकटून राहिलेलं चांगलं.

रंगाचा घोळ आपल्याकडे विशेष होतो. सणाचा धंदा म्हटलं की केशरी बटण आणि त्यावर पांढरी अक्षरं. देखणं दिसतं, पण उन्हात वाचता येत नाही. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांचा मागच्या रंगाशी असलेला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, निदान 4.5 ला 1 हवा. तिरंग्यातल्या केशरीसाठी सर्रास वापरली जाणारी छटा घेऊन तिच्यावर पांढरी अक्षरं ठेवलीत तर हे प्रमाण जेमतेम 2 ला 1 भरतं. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवा, ते जवळजवळ 10 ला 1 होतं. रंग तोच राहिला, बटण वाचता आलं. कॉन्ट्रास्ट मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. दोन रंगांचे कोड टाकले की उत्तर येतं.

पायरी 5: फॉर्म. इथे जरा वेळ काढा

सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं इथेच गळतात असा माझा अंदाज आहे. म्हणून प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: ही माहिती नसेल तर मोदक पोचणार नाहीत का? नाव, मोबाइल, पत्ता, किती मोदक, कोणत्या दिवशी. ई-मेल कशाला? जन्मतारीख कशाला? ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे मोदक देताना दारात विचारता येतं. गरजेपुरतीच माहिती मागायची, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही सूत्र आहे, म्हणजे इथे सोय आणि कायदा एकाच बाजूला उभे आहेत.

खातं उघडायची सक्ती करू नका. वर्षातून एकदा मोदक मागवणाऱ्याने तुमच्यासाठी पासवर्ड का लक्षात ठेवावा?

आता आपल्या भागातल्या खास अडचणी. बाहेरच्या डेव्हलपरच्या त्या बहुधा लक्षात येत नाहीत.

नवी मुंबईत सेक्टर असतात, पण प्रत्येक नोडचे, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या उपनगराचे, वेगळे. सिडकोने वसवलेल्या या शहरात सेक्टर 10 वाशीलाही आहे, नेरुळलाही आणि खारघरलाही. फॉर्ममध्ये ‘सेक्टर’ आणि ‘शहर’ असे दोनच रकाने असले तर ‘सेक्टर 10, नवी मुंबई’ असा पत्ता येतो, आणि मोदक घेऊन निघालेला मुलगा पाम बीच रोडवर उभा राहून फोन लावत बसतो. नोडचा रकाना वेगळा ठेवा: ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर, खारघर. यादीतून निवडू द्या.

पिनकोड तपासताना ‘400 ने सुरू झाला पाहिजे’ अशी अट काही ठिकाणी घातलेली असते. वाशीचा 400703, नेरुळचा 400706, ते चालून जातात. पण खारघरचा 410210 आहे आणि कामोठ्याचा 410209. तिथला माणूस बरोबर पिनकोड टाकतो आणि साइट त्याला लाल अक्षरात चूक ठरवते. तो तक्रार करत नाही, निघून जातो. त्यामुळे ही गळती तुम्हाला कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

ठाण्यात घोडबंदर रोडला एकेका संकुलात पाच-सात टॉवर असतात. ‘इमारत / टॉवर / विंग’ आणि ‘जवळची खूण’ हे रकाने हवेतच. खूण ऐच्छिक ठेवा, पण ठेवा. आपल्याकडे पत्ता खुणेवरूनच सापडतो.

पुढचं डेव्हलपरला जसंच्या तसं सांगता येईल: मोबाइल नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. नंबर +91 लावून, शून्य लावून किंवा मध्ये जागा सोडून टाकला तरी चालला पाहिजे. साफसफाई मशीनने करावी, माणसाने नाही. नावाच्या रकान्यात देवनागरी चाललं पाहिजे. मराठीत नाव लिहिलं म्हणून ‘फक्त अक्षरं टाका’ अशी सूचना देणाऱ्या साइट आहेत, आणि ते वाचून माणसाने काय समजायचं कोण जाणे. देवनागरी आकडेही स्वीकारा. एक रकाना चुकला म्हणून भरलेला अख्खा फॉर्म कोरा होता कामा नये.

चूक दाखवणारा संदेश माणसासारखा लिहा. ‘अवैध इनपुट’ऐवजी: ‘मोबाइल नंबर 10 आकडी हवा. तुम्ही 9 आकडे टाकले आहेत.’ आणि हा संदेश त्या रकान्याच्या खालीच दिसू दे, पानाच्या टोकाला नको.

संख्येसाठी मोकळा रकाना ठेवण्यापेक्षा 11, 21, 51 अशी तीन बटणं आणि चौथं ‘वेगळी संख्या’ असं द्या. नैवेद्याला लोक हेच आकडे मागतात. टाइप कशाला करायला लावता?

आणि फॉर्मच नको असेल तर? दिवसाला आठ-दहा ऑर्डर असलेल्या धंद्याला व्हॉट्सॲपचं बटण पुरतं. फक्त ते बटण दाबल्यावर मजकूर आधीच भरलेला आला पाहिजे: ‘नमस्कार, मला 21 उकडीचे मोदक हवे आहेत. दिवस: … पत्ता: …’ अशी लिंक फुकट बनते. नुसता नंबर लिहून ठेवलात तर तो लक्षात ठेवून, सेव्ह करून, मग मेसेज करणार कोण? फोन नंबरही दाबल्याबरोबर लागणारा हवा, चित्रात कोरलेला नको.

पायरी 6: पैशाच्या क्षणी घाबरवू नका

पोचवण्याचे पैसे पहिल्याच पानावर सांगा. 21 मोदकांचा भाव बघून माणूस शेवटपर्यंत येतो आणि तिथे पॅकिंग, डिलिव्हरी असं करत रक्कम वाढलेली दिसते. पैसे थोडेच असतात, पण फसवल्यासारखं वाटतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये अशा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत 13 प्रकार मोजले आहेत: खर्च शेवटी उघड करणं, न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं, खोटी घाई करणं, वगैरे. दर वेळी ‘फक्त 10 मिनिटं शिल्लक’ दाखवणारं घड्याळ त्यातलंच. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 ला ऑर्डर खरोखर बंद होत असेल, तर ते जरूर लिहा. खरी मुदत सांगणं वेगळं.

यूपीआयची एक गंमत बघा. साइटवर क्यूआर कोड लावलेला असतो आणि खाली ‘स्कॅन करा’. गिऱ्हाईक साइट बघतंय फोनवर, आणि स्कॅन करायचं त्याच फोनने! स्क्रीनशॉट काढा, मग ॲपमध्ये जाऊन तो उघडा, हा खटाटोप कितीजण करतील? फोनवर ‘यूपीआयने पैसे भरा’ असं बटण हवं, जे दाबल्यावर रक्कम भरलेलं ॲपच उघडेल. क्यूआर फक्त लॅपटॉपवर बघणाऱ्यांसाठी ठेवा. शिवाय पैसे भरताना ॲपमध्ये बँक खात्यावरचं नाव दिसतं. धंद्याचं नाव एक आणि समोर आलं भलत्याच माणसाचं, की हात थांबतो. आधीच लिहून टाका: ‘पैसे भरताना अमुक हे नाव दिसेल, ते आमचंच आहे.’

खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नोंदणी क्रमांक पानाच्या तळाशी लपवून न ठेवता भावाजवळ दाखवा.

पैसे भरल्यावर नुसतं ‘धन्यवाद’ पुरत नाही. काय मागवलं, कधी येणार, बदल करायचा तर कोणाला फोन करायचा, हे तिथेच दिसू दे. नाहीतर तासाभरात ‘ऑर्डर मिळाली का?’ असे मेसेज सुरू होतात आणि ऐन उकडीच्या वेळी पिठाचे हात पुसून उत्तरं देत बसावं लागतं.

पायरी 7: वेग

पेजस्पीड इनसाइट्स हे गूगलचं फुकट साधन आहे. त्यात साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. पानावरचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. छोट्या साइट हळू चालण्याचं कारण बहुतेकदा फोटो असतात: फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला. रुंदी 1200 पिक्सेलच्या आसपास आणा आणि वेबपी (WebP) या हलक्या फाइलच्या प्रकारात साठवा. दिसण्यात फरक कळणार नाही, आकार मात्र कितीतरी कमी होईल.

त्याच निकालात पान लोड होताना किती हलतं याचाही आकडा असतो, तो 0.1 च्या आत हवा. बटणावर अंगठा टेकवणार तेवढ्यात वरून चित्र उगवतं आणि बटण खाली सरकतं, तो प्रकार यात मोजला जातो.

पायरी 8: भाषा

मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवा आणि भाषा बदलायचं बटण त्या त्या भाषेत असू द्या. झेंड्याच्या चित्रावरून मराठी कळत नाही. मराठी मजकूर बोलण्यातला हवा. ‘मागणी नोंदवा’पेक्षा ‘ऑर्डर द्या’ लवकर कळतं आणि त्यात मराठीचं काही बिघडत नाही. दरपत्रक व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या चित्रासारखं चिकटवू नका. चित्रातली अक्षरं गूगलला नीट उमगत नाहीत, अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपना ती ऐकवता येत नाहीत, आणि फोनवर ती बोटांनी ताणून वाचावी लागतात.

पायरी 9: पाच जणांच्या हातात फोन द्या

जेकब निल्सन या तज्ज्ञाने 2000 मध्ये मांडलं की पाच जणांना वापरायला दिलं तर साइटमधल्या सुमारे 85 टक्के अडचणी उघड्या पडतात. त्या टक्क्यांवर पुढे वाद झाले. तरी पाच जण हा आकडा कामाला पुरेसा आहे, आणि खर्च म्हणाल तर पाच कप चहा.

घरचे नकोत, ते कौतुक करतात. सोसायटीतल्या एखाद्या काकू, जिममधला मुलगा, दुकानाशेजारचा केमिस्ट असे घ्या. ‘साइट कशी वाटली?’ हे विचारूच नका, ‘छान आहे’ असंच उत्तर येतं. काम सांगा: ‘चतुर्थीला तुमच्याकडे 21 मोदक हवेत. मागवा बघू. आणि मनात येईल ते मोठ्याने बोला.’ मग गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड जातं.

समजा काकूंनी फोन घेतला. ‘हं, मोदक… फोटो छान आहे… हे दाबायचं का?’ म्हणत त्या फोटोवरच बोट दाबतात. काही होत नाही. पुन्हा दाबतात. तुमच्या ओठांवर ‘खाली, खाली बटण आहे’ येतं, गिळून टाका. त्या खाली जातात, ‘वेळ निवडा’पाशी थांबतात आणि म्हणतात, ‘आमच्याकडे गुरुजी साडेदहाला येतात, त्याआधी नाही का देत?’ एवढ्यात तुम्हाला दोन गोष्टी मिळाल्या: फोटो दाबल्यावरही ऑर्डरचं पान उघडलं पाहिजे, आणि ‘सकाळी 10 च्या आत’ असा पर्याय द्यायचा की नाही हे ठरवायला हवं. दुसरी गोष्ट खरं तर साइटची नाहीच, धंद्याची आहे. अशा चाचणीत ती बरेचदा निघते.

तिसऱ्या माणसापर्यंत तेच तेच अडथळे पुन्हा दिसू लागतील. ते आधी दुरुस्त करा, मग उरलेल्या दोघांना बोलवा.

पायरी 10: मोजा, पण स्वतःला फसवू नका

तीन आकडे वहीत लिहिले तरी भागतं: आठवड्यात किती जण आले, किती जणांनी ऑर्डरचं किंवा व्हॉट्सॲपचं बटण दाबलं, किती ऑर्डर पक्क्या झाल्या. बटण खूप जणांनी दाबलं आणि ऑर्डर कमी असल्या, तर अडचण फॉर्ममध्ये किंवा पैशाच्या पानावर. बटणच कोणी दाबत नसेल तर पहिल्या स्क्रीनकडे परत जा. लोक कुठे बोट फिरवतात आणि कुठे अडखळतात, हे मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी फुकट दाखवतं.

एका वेळी एकच बदल करा. निम्म्या लोकांना एक पान आणि निम्म्यांना दुसरं दाखवून तुलना करायची पद्धत मोठ्या कंपन्यांची आहे. आठवड्याला तीस-चाळीस माणसं येणाऱ्या साइटवर त्यातून काही सिद्ध होत नाही, त्या नादी लागू नका. आणि भाद्रपद तोंडावर असताना बटणाचा रंग बदलला, ऑर्डर तिप्पट झाल्या, तर श्रेय रंगाला देऊ नका. तुलना करायची तर गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करा.

सीझनमध्ये रोज सकाळी एकदा स्वतःच्या फोनवरून, वायफाय बंद करून, ऑर्डरच्या पानापर्यंत जाऊन या. चतुर्थीच्या ऑर्डर भरल्या की बटण तसंच चालू ठेवू नका. त्या जागी ‘चतुर्थीच्या ऑर्डर पूर्ण झाल्या. गौरीच्या दिवसासाठी घेत आहोत’ असं लिहा आणि तारीख पुढची करा.